दुसऱ्या घंटेची गोळी

प्रिय उजेड,

पार्सल धड पोचलं असेल तर हे पत्र त्यात सगळ्यात वर सापडलं असेल. त्याखाली तुझा करडा स्वेटर आहे. तो तू लाइटच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर टाकून गेलास आणि थिएटरच्या मांजरीने त्यावर कायमचा मुक्काम ठोकला. तिला उठवताना माझ्या हाताला ओरखडे आले, तेही तुझ्याच कृपेने. स्वेटरच्या घडीत तुझा लाडका स्क्रूड्रायव्हर आहे. आणि तळाशी खाकी कागदात गुंडाळलेलं एक छोटं खोकं आहे. ते आत्ता उघडायचं नाही. पत्र संपेपर्यंत त्याला हातही लावायचा नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, नाटकाचं पुस्तकसुद्धा तू शेवटच्या पानापासून वाचतोस. पण या खेपेला माझ्या सूचनेप्रमाणे चाल. इतक्या वर्षांत मी तुला एकदा तरी चुकीच्या जागी दिवे लावायला सांगितलंय का?

तुझी सगळी कार्डं मिळाली. नव्या थिएटरचं छत किती उंच आहे, शिडी कशी डुगडुगते, कंत्राटदार वायरींच्या बाबतीत कसा हात आखडता घेतो, तुझ्या खोलीला खिडकी आहे पण तिच्यातून फक्त समोरची भिंत दिसते, सगळं कळलं. एकाही कार्डावर तू तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीस, हेही माझ्या लक्षात आलंय. तुझ्यासारख्या उतावळ्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

तसा तो प्रश्न विचारायची तुझी तऱ्हाही जगावेगळीच. माणसं बागेत विचारतात, समुद्राकाठी विचारतात. तू विचारलंस हेडसेटवर, चालू प्रयोगात, दुसऱ्या अंकातल्या काळोखात. मी विंगेत नटांना वाक्यं पुरवायला मांडीवर नाटकाचं पुस्तक आणि हातात बॅटरी घेऊन बसलेली, तू मागे प्रेक्षकांच्या डोक्यावर तुझ्या काचेच्या खोलीत. मी म्हटलं, काळोख. तू दिवे घालवलेस आणि माझ्या कानात म्हणालास, "काळोख झाला. लग्न करतेस का माझ्याशी?" त्या वेळी राजे सिंहासनाच्या पायरीवर एक पाय ठेवून अंधारात तोल सावरत उभे होते. मी विचार करत बसले असते तर ते आडवे झाले असते, म्हणून मी म्हटलं, "दिवे." त्या लाइनवर साउंडवालाही असतो हे तू साफ विसरलास. मध्यंतरात चहावाल्यापर्यंत बातमी पोचलेली होती आणि मला चहाबरोबर एक बिस्किट जास्तीचं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेट ट्रकमध्ये चढत होता तेव्हा मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसून मी तुला सगळं सांगितलं. नवऱ्याकडून आलेला एचआयव्ही, नवरा वारल्यावर माझं झालेलं पाप्याचं पितर, मग सुरू झालेलं औषध, आधी मूठभर गोळ्या आणि आता रोज एक. सांगताना मी तुझ्याकडे बघत नव्हते, ट्रकमध्ये चढणाऱ्या सिंहासनाकडे बघत होते. विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका दबला आणि तसाच दबून राहिला की तो माझ्याकडून जोडीदाराला लागत नाही, हेही सांगितलं. माझा वर्षानुवर्षं तसा दबलेलाच होता. पण तुझ्या प्रश्नाच्या थोडंच आधी झालेल्या तपासणीत त्याने डोकं वर काढलं होतं. कारण काय, तर गुडघा दुखतो म्हणून मी आपल्याच मनाने कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि उपाशी पोटी एकाच घोटात दोन्ही घेत होते. ते कॅल्शियम माझ्या गोळीला अंगात नीट मुरूच देत नव्हतं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला, दोन्हींच्या वेळा लांब लांब करून दिल्या आणि म्हणाल्या की तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू.

तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "रिपोर्ट काहीही येऊ दे, माझा प्रश्न तोच राहील." मी म्हटलं, तुझा प्रश्न तोच राहील, पण माझं उत्तर रिपोर्टवर ठरेल. तुझ्या जिवाशी खेळ करून मला संसार मांडायचा नाही. त्यावर तू फक्त "बरं, थांबतो" म्हणालास, माझा गार झालेला चहा पिऊन टाकलास आणि त्याच आठवड्यात नव्या थिएटरच्या कामावर निघून गेलास. तेव्हापासून ते उत्तर माझ्याकडे तसंच पडून आहे.

आता इकडची हकीकत ऐक. बरीच गंमत घडून गेली आणि तू नेमका तिकडे शिडीवर.

गोळीची आणि दुसऱ्या घंटेची सांगड कशी पडली ते तुला ठाऊक आहे. औषध सुरू झालं तेव्हा ते देणाऱ्या केंद्रातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या होत्या, रोज न चुकता करता अशा एखाद्या गोष्टीला गोळी बांधून टाका, म्हणजे विसरणार नाही. कुणी दात घासण्याला बांधतं, कुणी रात्रीच्या जेवणाला. मी म्हटलं, माझं जेवण कुठे कधी वेळेवर होतं, पण दुसरी घंटा कधी चुकत नाही, कारण ती मीच वाजवते. झालं, ठरलं. प्रयोग नसेल त्या दिवशी तू मोबाइलमध्ये भरून दिलेली घंटा त्याच वेळेला वाजते. बहिणीकडे गेले असताना ती वाजली की तिची पोरं घास हातात धरून ताठ बसतात, जणू स्वयंपाकघराचा पडदा उघडणार आहे.

कंपनीत मात्र या गोळीभोवती एक पुराणच रचलं गेलं होतं. मी ती घेऊन पाणी प्यायल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही, असा मॅनेजरांचा कायदा होता. एकदा म्हणे मी गोळी घेताना त्यांची नजर पडली आणि तो प्रयोग तुफान रंगला, तेव्हापासून ते रोज विंगेत येऊन खात्री करून घेत. गोळी कशाची हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही, कारण प्रत्येकाने आपापलं उत्तर ठरवलेलं होतं. मॅनेजर म्हणत घशाची, कारण कुजबुजणाऱ्या बाईचा घसा सांभाळायला नको का. मेकअपच्या मावशी म्हणत पित्ताची, कारण मी चिडकी. आणि राजे, आपले थोर नटवर्य राजे, ज्यांना राजाखेरीज दुसरी भूमिका कधी मिळाली नाही आणि राजाचीही वाक्यं कधी आठवली नाहीत, त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की ती गोळी स्मरणशक्तीची आहे. त्यांचंही बरोबरच म्हणायचं. सात नाटकं मला पुस्तक न उघडता पाठ आहेत आणि त्यांना स्वतःच्या घरचा पत्ता सांगताना चाचपडायला होतं.

नव्या नाटकात कैदेतल्या राजाचं एक स्वगत आहे, चांगलं तीन पानांचं. तालमीत राजे त्यात रोज बुडायचे आणि मी रोज त्यांना बाहेर काढायची. पहिल्या वाक्याला विंगेकडे बघायचे, चौथ्याला बघायचे, मग तर ते अख्खं स्वगत प्रेक्षकांना सोडून मलाच ऐकवायचे. दिग्दर्शकाने शेवटी सांगून टाकलं की पहिल्या प्रयोगात हे असंच झालं तर राजाला दुसऱ्या अंकातच मारून टाकीन. त्या दिवसापासून राजेंची झोप उडाली. मेकअपच्या खोलीत ते आरशासमोर बसून ओठ हलवत राहायचे आणि मावशी त्यांच्या मिशा चिकटवू शकायच्या नाहीत.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मी दुसरी घंटा दिली आणि डबी उघडली. तीच रे, मावशींची गालांच्या लालीची जुनी डबी, तिच्यात मी त्या दिवसापुरती एकच गोळी आणते आणि विंगेतल्या आरशाजवळच्या फळीवर ठेवते. गोळी तोंडाशी नेली तेव्हा पेपरमिंटचा वास आला. विंगेतला अंधार तुला माहीत आहे, नाकाने वाचवलं म्हणून, नाहीतर मी गिळून मोकळी झाले असते. बॅटरी मारून बघितलं. माझी गोळी लांबोडकी, ही गोल. आणि पेपरमिंट खाणारा माणूस आपल्या कंपनीत एकच आहे. दर प्रवेशाआधी एक, नायिकेवर उपकार म्हणून.

अंगाचा तिळपापड झाला. चोर समोरच होता, मुकुट घालून, हातात खोट्या बेड्या, डोळे मिटून उभा. प्रयोग सुरू व्हायची वेळ, त्याला काय बोलणार? गोळ्यांची बाटली माझ्या खोलीवर, खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी उठले तर पुस्तक कोण धरणार? मॅनेजर पडदा बाजूला करून डोकावले आणि भुवया उडवून विचारू लागले, घेतली का? मी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरी घंटा अडली आणि बाहेर प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले. शेवटी ते माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "काहीही गिळ बाई, पण काहीतरी गिळ." मी कंपनीच्या सुखासाठी ती पेपरमिंट तोंडात टाकली आणि घंटा वाजवली.

सगळा पहिला अंक माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गोळी काही तास उशिरा घेतल्याने आभाळ कोसळत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. आठवली की लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हे डॉक्टरबाईंनी घोटून घेतलंय. पण डोक्याला कळलेलं पोटाला कळत नाही. पुन्हा रक्त द्यायचा दिवस अगदी तोंडावर आला होता आणि मला सारखा तुझा तो गार चहा आठवत होता. एकदा कॅल्शियम आडवं आलं, आता पेपरमिंट. मला वाटलं, माझं उत्तर कुणीतरी हाताने मागे ओढतंय.

आणि मग स्वगत आलं. मी सवयीने पहिलं वाक्य ओठांवर घेऊन बसले. राजेंनी ते स्वतःच म्हटलं. दुसरंही म्हटलं. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं, त्यांनी विंगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी बॅटरी विझवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी विंगेत बसून नाटक नुसतं बघितलं, आणि खरं सांगते उजेड, माणूस फार मोठा नट आहे. शेवटच्या वाक्याला थिएटर इतकं गप्प होतं की वर एक दिवा तापून कुरकुरतोय तेही ऐकू येत होतं (तुझ्या जागी आलेल्या माणसाला त्याचा स्क्रू आवळायला सांग). मग टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात. मी रागाने लाल झालेली होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पडदा पडल्याबरोबर राजे धावत आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "कुजबूज, जादू आहे तुझी गोळी. एकच घेतली हो, आणि तशीच नाही घेतली, बदल्यात पेपरमिंट ठेवली. उद्यासाठी अजून एक मिळेल का?" मी त्यांना फाडून खायच्या तयारीत होते. पण तेवढ्यात आठवलं की राजे मधुमेहाच्या गोळ्या घेतात, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला, उरली नुसती भीती. दोन औषधांचं पोटात काय जमतं आणि काय जमत नाही याचा धडा मला ताजा होता. मॅनेजरांच्या खोलीतून डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एका गोळीने घाबरण्यासारखं काही नाही, पण उद्या त्यांना घेऊन या. मी राजेंना एवढंच सांगितलं की सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं आणि वाटेत एक शब्द विचारायचा नाही. घरी पोचल्यावर आधी गोळी घेतली आणि मग चपला काढल्या.

सकाळी ते ठेवणीतला कोट घालून हजर. त्यांची समजूत अशी की स्मरणशक्तीचं औषध लिहून मिळणार आहे. केंद्राच्या बाकावर दोघंतिघं त्यांना ओळखणारे निघाले, त्यामुळे स्वारी आणखीच खूश. औषधाच्या खिडकीशी रांग, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, एक बाई विणत बसलेली, वर पंखा गरगरतोय, आणि राजे सगळ्यांना प्रसन्न मुद्रेने न्याहाळताहेत. मी वाक्य जुळवत होते. लोकांची वाक्यं मला हजारोंनी पाठ, पण हे एक काही केल्या तोंडात येईना. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या भिंतीवरच्या फलकावर गेली. लिहिलेलं दिसलं की मोठ्याने वाचायचं ही त्यांची खोड तुला माहीत आहे. त्यांनी आपल्या भरदार राजेशाही आवाजात सुरुवात केली, "एचआयव्हीचं औषध रोज घ्या, वेळेवर घ्या, कायम घ्या." आणि मग आवाज एकदम बंद झाला.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही, आणि विसरण्याचा प्रश्नच नाही, कारण ती मी रोज बघते. वाक्य हरवलं की ते विंगेकडे बघतात ना, अगदी तशीच. ओठ उघडे, भुवया वर, पुढचं काय ते सांग म्हणून विनवणारी. बिचाऱ्यांना खरोखरच सुचत नव्हतं की अशा वेळी माणसाने काय म्हणायचं असतं. आणि मी, हाडाची प्रॉम्प्टर, विचार करायच्या आधीच पुढे झुकून नेहमीच्या आवाजात कुजबुजले, "कशी आहेस, म्हणून विचारा."

ते म्हणाले, "कशी आहेस?"

मी म्हटलं, बरी आहे. खरंच बरी आहे. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की हे खरंच आहे. राजे रडायला लागले, ग्लिसरीनशिवाय, कोटाच्या बाहीला नाक पुसत. मग अचानक थांबले आणि माझ्या कानाशी येऊन घाबऱ्याघुबऱ्या विचारलं की मग त्या गोळीतून ते मला लागलं तर नसेल? मला इतकं हसू फुटलं की विणणाऱ्या बाईंचा टाका सुटला. त्यांनीच राजेंना समजावलं की अहो, ती गोळी त्याला दाबणारी आहे, देणारी नाही. मग बाकावरचे सगळेच हसले आणि राजेही हसले. एवढं हसणं त्या खोलीत मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी दोघांनाही सोलून काढलं. राजेंना सांगितलं की दुसऱ्याचं औषध तोंडात टाकणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, तुमच्या मधुमेहाच्या औषधाशी हिच्या गोळीचं फारसं जमत नाही, आणि स्वगत तुमचं तुम्हालाच पाठ झालेलं होतं, गोळीने फक्त भीती घालवली. हे शेवटचं राजेंना अजिबात आवडलं नाही. मग मोर्चा माझ्याकडे वळला. सगळा जीव एका डबीतल्या एका गोळीवर टांगून कोण फिरतं, असं त्यांनी विचारलं. म्हणाल्या, आता नियम लक्षात ठेवा, आपण जिथे काम करतो तिथे एक राखीव साठा हवा, आणि जिथे आपण राहतो तिथे एक. घर दोन ठिकाणी असलं तर दोन्हीकडे. मी मान डोलावली. आलेच होते म्हणून त्यांनी त्याच दिवशी रक्त काढून घेतलं.

रिपोर्ट यायला लागणारे दिवस कसे काढले ते विचारू नकोस. बहिणीने फोनवर तुझा विषय तीनदा काढला आणि मी तीनदा फोन ठेवला. शेवटी बोलावणं आलं तेव्हा राजे आपणहून बरोबर आले. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. मोजता येण्याइतका विषाणू आढळला नाही. मी ते पुन्हा वाचलं, मग राजेंना मोठ्याने वाचायला लावलं, म्हटलं, आता वाचा काय वाचायचं ते. त्यांनी असं वाचलं की बाहेर रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. मग मोठा श्वास घेऊन त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "म्हणजे आमचा उजेड आणि ही..." आणि पुढचं वाक्य अर्थातच विसरले. डॉक्टरबाईंनी ते पुरं केलं. स्पष्ट शब्दांत सांगितलं की गोळी अशीच चालू ठेवली, वेळोवेळी रक्त तपासत राहिलं, तर नवराबायको म्हणून राहायला कसलीही आडकाठी नाही, ही त्याला देणार नाही. राजे लाजून पंख्याकडे बघत बसले. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. केंद्राच्या दारातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उगाचच उभे राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्या बसकडे बघून हसत राहिलो.

पुढे काय झालं म्हणशील तर दुसऱ्या प्रयोगाला राजे स्वगतात चौथ्या वाक्यालाच बुडाले. गोळी स्मरणशक्तीची नाही हे कळलं ना, आता कशाच्या जोरावर आठवणार? माझी नोकरी शाबूत राहिली. पण आता दुसरी घंटा झाली की राजे स्वतः, मुकुट आणि बेड्यांसकट, ताटलीत पाण्याचा ग्लास घेऊन विंगेत येतात आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. बेड्यांमुळे अर्धं पाणी सांडतं. मी म्हटलं, इतकं प्रायश्चित्त पुरे, तर म्हणाले की हे प्रायश्चित्त नाही, माझा पहिला प्रवेश आता इथूनच सुरू होतो.

कंपनीला मात्र मी स्वतः सांगितलं. राजेंच्या पोटात काही राहत नाही, त्यांचा जीव घुसमटताना बघवेना, आणि मलाही आता लपवायचा कंटाळा आला होता. तालमीच्या आधी सगळे जमले तेव्हा सरळ सांगून टाकलं. साउंडवाल्याने आपली खुर्ची जराशी मागे घेतली, ते मी पाहिलं आणि मला लागलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी तो डॉक्टरबाईंचा नंबर मागायला आला, त्यांच्याशी बराच वेळ बोलला, आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची पूर्वीपेक्षाही जवळ आणून बसला, म्हणजे आता माझा पाय ठेवायला जागा नाही. मावशींना वाईट वाटलं ते पित्त नव्हतं याचं. म्हणजे मी मुळातच चिडकी, असं त्या म्हणाल्या आणि मला कुशीत घेऊन माझे केस विंचरून दिले. मॅनेजरांनी एवढंच विचारलं की ती गोळी तिसऱ्या घंटेच्या आधीच घ्यायची आहे ना? मी हो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. तुझं काय ठरलं असं मात्र सगळ्यांनी विचारलं, आणि मी कुणालाच सांगितलं नाही, कारण ते आधी तुला कळायला हवं.

तर आता खोकं उघड. आत एक बाटली आहे, सील न फोडलेली. रिपोर्ट पाहून डॉक्टरबाईंनी या वेळी मला पुढच्या तीन महिन्यांचं औषध एकदम दिलं. एक बाटली माझ्या खोलीवर आहे, एक कंपनीच्या कपड्यांच्या पेटीत कुलूप लावून ठेवलीय, मावशींकडे किल्ली आहे. ही तिसरी तुझ्या खोलीत ठेव. खिडकीत नको, समोर भिंत असली तरी दुपारी तिथे ऊन येत असणार. न्हाणीघरात नको, ओल लागते. तुझ्या तारांच्या आणि पकडींच्या पसाऱ्यात तर मुळीच नको, मला ती अंधारातसुद्धा हाताला लागायला हवी. पलंगाजवळ एखादी फळी ठोक, स्क्रूड्रायव्हर त्यासाठीच पाठवलाय. पुढच्या महिन्यात तुझ्या नव्या थिएटरात पहिला प्रयोग आपल्याच कंपनीचा आहे, हे तुला मॅनेजरांनी कळवलं असेलच. प्रयोग झाला की बाकीचे परत जातील. नियम तुला वर सांगितलाच आहे, जिथे आपण राहणार तिथे एक बाटली हवी.

दिवे लाव.

तुझीच, आता मोठ्या आवाजात,
कुजबूज